पाण्याचा अंदाज म्हणजे नेमका कशाचा?

पावसाळा लागला की ठाणे-रायगडच्या पानावर एक बातमी ठरलेली असते. कधी बदलापूरजवळचं कोंडेश्वर, कधी बारवी, कधी उल्हास नदीवरचा एखादा बंधारा, कधी खारघरच्या डोंगरातला ओढा. गाव बदलतं, वाक्य बदलत नाही: 'पाण्याचा अंदाज न आल्याने...' आणि पुढच्या ओळीत बहुतेक वेळा भोवरा येतो.

भोवरा हा मराठीत फार राबवलेला शब्द आहे. मंत्री वादाच्या भोवऱ्यात असतो, कंत्राटदार संशयाच्या. डोक्यावर दोन भोवरे असले तर दोन लग्नं होतात म्हणे. पण पाण्यातल्या भोवऱ्याबद्दल बोलताना आपण तो एखादा दबा धरून बसलेला प्राणी असल्यासारखं बोलतो. त्याने ओढलं, त्याने गिळलं. खरं तर भोवरा ही वस्तूच नाही. पाण्याला स्वतःचा वेग कुठेतरी खर्चायचा असतो, आणि तो खर्च होतानाचा आकार म्हणजे भोवरा. हे एकदा नीट लक्षात आलं की कळव्याच्या पुलाखालच्या गिरक्या आणि अरबी समुद्रातलं पाचशे किलोमीटर रुंदीचं चक्र एकाच घरातले दिसायला लागतात. त्यांच्यात फरक आहे, आणि मोठा आहे. त्याच्याकडे पुढे येतोच.

कळव्याच्या पुलावरून

ठाणे खाडी म्हणजे मुंबई बंदरापासून ठाण्यापर्यंत आत घुसलेला, साधारण २६ किलोमीटर लांबीचा समुद्राचा हात. वर ठाण्याशी तो अगदी चिंचोळा होतो. ओहोटी अर्ध्यावर आली असताना कळव्याच्या पुलावर उभं राहून खाली पाहावं. पाणी गढूळ असतं, वासाबद्दल न बोललेलं बरं, पण त्या गढूळपणामुळेच त्याची हालचाल स्वच्छ दिसते. खांबाच्या पुढून पाणी येतं, दोन बाजूंना फुटतं आणि खांबाच्या पाठीला आलं की बिथरतं. डाव्या बाजूने एक गिरकी सुटते, वाहत पुढे जाते. मग उजव्या बाजूने एक, उलट्या दिशेने फिरणारी. पुन्हा डावीकडून.

एकदा कुणीतरी कठड्यावरून निर्माल्याची पिशवी भिरकावली. (पाटी होती. पाटीच्या खालूनच भिरकावली.) पिशवी खांबाच्या पाठीला अडकली आणि झेंडूची दोन फुलं बाहेर येऊन गोल गोल फिरू लागली. पाणी समुद्राकडे निघालेलं, आणि फुलं मात्र मधूनच उलटी, ठाण्याच्या दिशेने, खांबाकडे परत येत होती. मी घड्याळ लावून मोजत होतो. एकाच बाजूची गिरकी पुन्हा सुटायला कधी सात सेकंद लागत, कधी अकरा.

चेंदणी कोळीवाड्यातल्या एका काकांना याबद्दल विचारलं, तर ते म्हणाले, "भवरा नाय रं तो. पानी मागं फिरतं. खांबाच्या पाठीला जालं टाकलंस तं जालंच गुंडालून हाती येल." शास्त्रज्ञ याला लांबलचक नाव देतात, पण वर्णन हेच करतात: अडथळ्याच्या पाठीला पाणी मागे फिरतं.

पाणी मागे का फिरतं?

घरातल्या पंख्याकडे बघा. दिवसभर गरगर फिरतो, तरी पात्यावर धूळ बसलेलीच असते. एवढ्या वाऱ्याने ती उडून कशी जात नाही? कारण पात्याला अगदी चिकटून असलेली हवा पात्याबरोबरच फिरते, ती पात्यावरून घसरत नाही. पाण्याचंही तेच. खांबाला टेकलेला पाण्याचा थर खांबासारखाच स्थिर असतो. त्याच्या बाहेरचा थर थोडा सरकतो, त्याच्या बाहेरचा जास्त, आणि हातभर अंतरावर पाणी पूर्ण वेगात धावत असतं.

म्हणजे आळशी पाणी आणि घाईतलं पाणी शेजारी शेजारी आले. आता देवघरात वात वळणारे हात आठवा. एक तळवा पुढे जातो, दुसरा तिथेच राहतो किंवा मागे येतो, आणि मधला कापूस गोल फिरतो. कापसाला कुणी 'फीर' म्हणत नाही. दोन बाजूंचे वेग वेगळे असले की मधल्याला फिरण्यावाचून गत्यंतर नसतं. पाण्यातली जवळजवळ प्रत्येक गिरकी अशीच वळलेली असते.

त्यात खांबाच्या पाठीला आणखी एक भानगड होते. कडेचं दमलेलं पाणी वळसा घालून मागच्या बाजूला पोहोचतं, तेव्हा समोरून दाब वाढत गेलेला असतो. ताकद संपलेलं ते पाणी तिथेच थबकतं, मागे फिरतं, आणि बाहेरून धावणारं पाणी त्याची गुंडाळी करून टाकतं. ठाणे स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी सात वाजता खांबाच्या आडोशाला उभं राहून पाहिलंय कधी? गर्दी दोन्ही बाजूंनी धावत असते, खांबामागे मात्र वीतभर जागा मोकळी असते, तिथे कुणीतरी मोबाइल बघत निवांत उभं असतं. कडेने जाणाऱ्याला मागून धक्का बसला की तो त्या मोकळ्या जागेत गिरकी घेऊनच येतो.

एकाआड एक सुटणाऱ्या या गिरक्यांचं गणित थिओडोर फॉन कार्मान यांनी १९११-१२ मध्ये मांडलं, म्हणून त्या रांगेला त्यांचं नाव आहे. त्यातला ढोबळ हिशेब कुणालाही जमेल. पाण्याच्या वेगाला खांबाच्या रुंदीने भागा आणि आलेल्या आकड्याचा पाचवा हिस्सा घ्या. सेकंदाला किती जोड्या सुटतात ते कळेल. खांब २ मीटर रुंद आणि पाण्याचा वेग सेकंदाला १ मीटर असेल तर दर १० सेकंदांना एक जोडी. विजेच्या तारा वाऱ्यात शिट्टी घालतात ती याच गिरक्यांमुळे. तार बारीक, म्हणून गिरक्या सेकंदाला शेकड्याने सुटतात आणि कानाला सूर ऐकू येतो. खांब जाड, म्हणून तो सूर आपल्याला डोळ्यांनी मोजावा लागतो.

पाचशेची नोट

नळ अगदी थोडा उघडा. पाण्याची धार काचेच्या कांडीसारखी सरळ, स्वच्छ पडते. पूर्ण उघडा, की ती फुटते, पांढुरकी होते, वेडीवाकडी पडते. पहिल्या प्रकारात पाण्याचे थर शिस्तीत एकमेकांवरून सरकतात. दुसऱ्याला संक्षुब्ध प्रवाह म्हणतात. आपण त्याला नुसतं खळबळ म्हणू. ऑसबर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ मध्ये मँचेस्टरला काचेच्या नळीत रंगाची बारीक रेघ सोडून हा फरक दाखवला होता. वेग एका मर्यादेपलीकडे गेला की रंगाची रेघ एकाएकी विस्कटते.

खळबळीत मोठ्या गिरकीतून लहान गिरक्या निघतात, त्यांतून आणखी लहान. पाचशेची नोट मोडल्यासारखं. बाजारात शिरताना खिशात एक नोट असते, पाहता पाहता तिच्या शंभराच्या होतात, मग दहाच्या, मग चिल्लर, आणि घरी येईपर्यंत ती चिल्लरही गेलेली असते. प्रवाहाची ताकद अशीच मोडत मोडत मिलिमीटरएवढ्या गिरक्यांपर्यंत उतरते आणि तिथे पाण्याच्या चिकटपणाने तिची उष्णता होते. एवढीशी, की हाताला कळणारही नाही. ब्रिटिश शास्त्रज्ञ लुईस फ्राय रिचर्डसन यांनी १९२२ मध्ये ही कल्पना मांडली आणि १९४१ मध्ये रशियाच्या कोल्मोगोरोव यांनी तिला गणिताची चौकट दिली.

पाण्याला ब्रेक नसतो. डोंगरावरून उतरताना मिळालेला वेग नदी समुद्रापर्यंत साठवत गेली असती, तर उल्हास नदीच्या तोंडाशी एकही होडी टिकली नसती. वाटेत गिरक्या तो वेग मोडून टाकतात.

मग माणसं बुडतात कशी?

पहिला गैरसमज असा, की भोवऱ्याच्या मध्यभागी खाली जाणारं विवर असतं आणि ते माणसाला तळाशी नेतं. खांबामागच्या किंवा नदीतल्या साध्या गिरकीत खालची ओढ सहसा क्षीण असते. तिथली झेंडूची फुलं कुठे बुडाली? ती फिरत राहिली. जपानच्या नारुतो सामुद्रधुनीत मोठ्या भरती-ओहोटीला सुमारे २० मीटर रुंदीचे भोवरे तयार होतात. ते पाहायला पर्यटक होडीतून जवळ जातात, वरच्या पुलात काचेची जमीन करून ठेवली आहे. जहाज गिळणारे भोवरे गोष्टींमध्ये शोभतात.

खाली ओढणारा भोवरा वेगळा. त्याला खाली भोक लागतं. बेसिनची जाळी, धरणाचा दरवाजा, मोरीची नळी, किंवा रस्त्यावरचं उघडं मॅनहोल. पाणी चारी बाजूंनी भोकाकडे येतं, आणि येताना त्याच्यात मुळातच असलेली थोडीशी गिरकी वेगवान होते. फुगडी आठवा: दोघी हात आखडून जवळ आल्या की वेग एकदम वाढतो. तसंच इथेही मध्याच्या जवळ येणारं पाणी जोरात फिरू लागतं.

ठाण्यात किंवा नवी मुंबईत गुडघाभर पाण्यातून वाट काढताना वेफर्सचं पाकीट एकाच जागी गरगर फिरताना दिसलं, तर तिथे पाय टाकू नका. खाली झाकण नाही. उलट बाजूही लक्षात ठेवा: पाणी कंबरेपर्यंत चढलं की तेच भोक वर काहीही न दाखवता आतून ओढत राहू शकतं. गिरकी दिसत नाही म्हणजे झाकण आहे, असं होत नाही. म्हणून हातात काठी हवी.

आणि सगळ्यांत वाईट भोवरा तर दिसतच नाही, कारण तो आडवा असतो. बंधाऱ्यावरून पाणी पडतं, सरळ तळाशी जातं, थोडं पुढे जाऊन वर येतं. वर आलेल्या पाण्यातलं काही पुढे वाहून जातं, पण बरंचसं पृष्ठभागावरून पुन्हा बंधाऱ्याकडे येतं आणि पडणाऱ्या धारेखाली परत दाबलं जातं. पाण्याचं लाटणं जणू, बंधाऱ्याच्या पूर्ण लांबीचं, जागच्या जागी फिरणारं. काठावरून पाहणाऱ्याला फक्त पांढरा फेस दिसतो, आणि फेस दिसला की आपल्याला फोटो काढावासा वाटतो. बंधाऱ्याखाली एखादा चेंडू किंवा ओंडका पडला तर तासन् तास तिथेच घोळत राहतो. तो पुढे का जात नाही, याचं उत्तर म्हणजेच 'पाण्याचा अंदाज'.

फेसाची आणखी एक खोडी आहे. फेस म्हणजे निम्मी हवा. हवा मिसळलेलं पाणी हलकं असतं, ते शरीराला नेहमीसारखं वर उचलत नाही. जो माणूस साध्या पाण्यात सहज तरंगतो तो तिथे नाकापर्यंत खाली जातो. धबधब्याच्या कुंडातही धारेखाली हेच होतं.

पण पट्टीचा पोहणारा असेल तर?

हा प्रश्न हमखास येतो, आणि बातमीत 'तो उत्तम पोहायचा' हे वाक्यही हमखास असतं. पोहण्याच्या तलावात पाणी थांबलेलं असतं. तिथे शिकलेला माणूस दिशा धरून हात मारतो, किनारा समोर दिसतो, किनाऱ्याकडे जातो. गिरकीत दर काही सेकंदांनी पाण्याची दिशा बदलते. ज्या हाताने आत्ता पुढे नेलं तोच हात पुढच्या क्षणी मागे नेतो. चांगला पोहणाराही माणूसच. सेकंदाला दीड-दोन मीटरच्या प्रवाहाविरुद्ध त्याचं बळ मिनिटभरात संपतं.

नदीतल्या साध्या गिरकीत सापडल्यास पाण्याविरुद्ध नेटाने हात मारायचे नाहीत, पाण्याबरोबर फिरत कडेला सरकायचं आणि प्रवाह बाहेर नेत असेल तिथे निसटायचं, असं जाणकार सांगतात. बंधाऱ्याखालच्या आडव्या भोवऱ्यात मात्र असा भरवशाचा उपाय नाही. तिथे वाचवायला उडी मारणारा दुसराही त्याच लाटण्यात जातो. काठावरून दोरी, रिकामा कॅन, ओढणी, जे मिळेल ते फेकावं.

जाता जाता: आपल्याकडच्या दगडखाणींच्या तळ्यांत बुडाल्याच्या बातमीतही भोवरा लिहिलेला असतो. खाणीत पाणी वाहतच नाही, भोवरा कुठून येणार? तिथे एका पावलात दहा-वीस फूट खोली असते आणि कडा उभ्या. दोष नसलेल्याला दोष दिला की खरा दोषी सुटतो.

चहाचं पातेलं, निघोजची कुंडं

चहा ढवळून पातेलं खाली ठेवा. पत्ती कुठे जमते? गोल फिरणारी वस्तू बाहेर फेकली जाते हे शाळेत शिकलो, म्हणजे ती कडेला जायला हवी. पण जमते मध्यभागी, तळाशी. आइन्स्टाइनने १९२६ मध्ये याच कोड्यावर लिहिलं आणि त्यातून नदीच्या वळणाचं स्पष्टीकरण दिलं. तळाला घासणारं पाणी हळू फिरतं, म्हणून बाहेर फेकलं जाण्याचा त्याचा जोर कमी पडतो, आणि वरच्या पाण्याने कडेला वाढवलेला दाब त्याला तळावरून मध्याकडे ढकलतो. पत्ती त्याच्याबरोबर येते. नदीच्या वळणावरही वरचं पाणी बाहेरच्या काठावर आदळून काठ खातं आणि तळाचं पाणी वाळू आतल्या काठाला आणून टाकतं. म्हणून वळणाच्या आत वाळूचा पट्टा असतो आणि बाहेर कोसळलेली दरड. पोहायला जाणारी मुलं नेमकी कोणत्या काठावरून उडी मारतात ते तुम्हाला ठाऊक आहे: उंच काठावरून, म्हणजे खोल बाजूने.

गिरकीला वेळ दिला तर ती खडकसुद्धा पोखरते. कुकडी नदीवर निघोजला बसाल्टच्या पात्रात रांजणाच्या आकाराचे खोल खळगे आहेत, त्यांना रांजणखळगेच म्हणतात. एखाद्या खाचेत दगडगोटे अडकले, पाण्याच्या गिरकीने त्यांना फिरवलं, आणि हजारो पावसाळे गेले. जातं फिरावं तसे गोटे फिरत राहिले, खाच खळगा झाली, खळग्याचा रांजण झाला.

खडकाचं हे होतं, तर पुलाखालच्या गाळाचं काय? समुद्रावर पायांवरून लाट परतताना टाचेखालची वाळू निसटते, ती भावना सगळ्यांना माहीत आहे. खांबाच्या पुढच्या बाजूला आदळलेलं पाणी खाली उतरतं, तळाशी घोड्याच्या नालेच्या आकारात खांबाला वेढतं आणि पायाजवळची माती उकरून नेतं. पूर जितका मोठा, खड्डा तितका खोल; आणि पूर ओसरताना तोच खड्डा मऊ गाळाने भरूनही जातो, म्हणून नंतर पाहणाऱ्याला तो दिसत नाही. जगभर पूल पडण्याच्या मोठ्या कारणांत या उकरण्याची गणना होते. म्हणूनच खाडीवरच्या पुलांचे पाये गाळ भेदून खाली खडकापर्यंत न्यावे लागतात.

बेसिनमधलं पाणी डावीकडे फिरतं ना?

आता मघाशी म्हटलेला मोठा फरक. 'उत्तर गोलार्धात बेसिनचं पाणी डावीकडे फिरतं, दक्षिणेत उजवीकडे' हे वाक्य तुम्ही व्हिडिओत पाहिलं असेल. पृथ्वी फिरते, म्हणून तिच्यावर वाहणारी वस्तू उत्तर गोलार्धात थोडी उजवीकडे वळते. हा परिणाम खरा आहे, त्याला कोरिऑलिस परिणाम म्हणतात. पण किती? ठाण्याच्या अक्षांशावर, म्हणजे साधारण १९ अंशांवर, आपल्या पायाखालची जमीन स्वतःभोवती एक गिरकी घ्यायला सुमारे ७३ तास घेते. तीन दिवसांत एक फेरा. बेसिन अर्ध्या मिनिटात रिकामं होतं. इतक्या सावकाश फिरणाऱ्या जमिनीचा त्या पाण्याला पत्ताही लागत नाही. नळाची धार कुठून पडली, बेसिनचा उतार कसा, तुमचा हात कुठून फिरला, यावरच दिशा ठरते. घरी दहा वेळा करून बघा, दोन्ही बाजूंनी फिरेल.

अॅशर शापिरो या प्राध्यापकाने १९६२ मध्ये एमआयटीत सहा फूट रुंदीच्या टाकीत पाणी भरलं, ते पूर्ण निवांत व्हावं म्हणून २४ तास तसंच ठेवलं, आणि मग तळातलं बूच हळूच काढलं. तेव्हा कुठे पृथ्वीची गिरकी दिसली, घड्याळाच्या उलट दिशेने. पुढे सिडनीत तोच प्रयोग झाला आणि पाणी उलटं फिरलं. म्हणजे वाक्य खोटं नाही, बेसिन चुकीचं आहे.

आता आकार वाढवा. समुद्रातलं २०० किलोमीटर रुंदीचं चक्र घ्या. त्याचा घेर ६२८ किलोमीटर. पाणी सेकंदाला अर्धा मीटर चाललं, म्हणजे आपल्या रमतगमत चालण्यापेक्षाही हळू, तर एका फेऱ्याला साधारण चौदा दिवस लागतात. चौदा दिवसांत आपल्याकडची जमीन चार-पाच गिरक्या घेते. इथे सूत्रं पृथ्वीच्या हाती जातात.

समुद्राची प्रदक्षिणा

समुद्र सपाट नसतो. कुठे वीतभर उंच, कुठे वीतभर खोल, पण ही वीत शंभर-दोनशे किलोमीटरवर पसरलेली असते, म्हणून जहाजातल्या माणसाला ती कधीच कळत नाही. जिथे वरचा कोमट थर जाड आहे तिथे समुद्राला हलकंसं टेंगूळ येतं. टेंगळावरचं पाणी उताराने बाहेर निघतं, आणि पृथ्वी त्याला उजवीकडे वळवत राहते. टेकडीवरून उतरायला निघालेला माणूस सतत उजवीकडे वळत राहिला तर तो खाली पोहोचणारच नाही. टेकडी कायम उजव्या हाताला ठेवून तिच्याभोवती फिरत राहील. देऊळ उजव्या हाताला ठेवून चालणं म्हणजे प्रदक्षिणा. उत्तर गोलार्धातलं प्रत्येक टेंगूळ अशी प्रदक्षिणा घालून घेतं, आणि प्रत्येक खळग्याभोवती पाणी उलट फिरतं.

या चक्रांना भोक नसतं, गर्जना नसते. त्यांत उभी असलेली होडी काहीही न कळता दोन आठवड्यांत एक फेरा मारून येईल. ती आठवडे, महिने टिकतात, काही वर्षभरही, आणि शेकडो मीटर खोल जातात. ती इतकी जास्त आहेत हे उपग्रहांनी दाखवलं. १९९२ मध्ये सोडलेल्या अमेरिका-फ्रान्सच्या टोपेक्स-पोसायडन उपग्रहाने रडारने समुद्राची उंची काही सेंटिमीटरच्या अचूकतेने मोजायला सुरुवात केली, आणि सगळा महासागर या टेंगळांनी आणि खळग्यांनी भरलेला निघाला. इस्रो आणि फ्रान्सने मिळून केलेला सरल उपग्रह २०१३ मध्ये श्रीहरिकोटाहून याच कामासाठी गेला.

आपल्याच अरबी समुद्रात यातला एक दांडगा नमुना आहे. नैऋत्य मोसमी वारे सोमालियाच्या किनाऱ्याच्या कडेने जोरात वाहतात, तिथला प्रवाह जोरात उत्तरेला धावतो, आणि जूनच्या सुमारास किनाऱ्याजवळ घड्याळाच्या दिशेने फिरणारं सुमारे ५०० किलोमीटर रुंदीचं चक्र उभं राहतं. इंग्रजीत त्याला ग्रेट व्हर्ल म्हणतात, आपण महाभोवरा म्हणू. शिडाच्या जहाजांना ते इतकं छळायचं की १८६६ मध्येच एका नौकानयन मार्गदर्शिकेत त्याची नोंद झाली, उपग्रहांच्या सव्वाशे वर्षं आधी. जो वारा आपल्याकडे पाऊस आणतो, तोच तिकडे हे चाक फिरवतो. पाऊस परतला तरी चाक काही आठवडे फिरत राहतं.

त्याचं आपल्याला काय?

पहिलं, मासळी. खळग्यासारख्या चक्रांत खालचं थंड पाणी वर उचललं जातं. तळाशी साचलेलं खत उन्हापर्यंत येतं, सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांच्यामागे लहान मासा, त्याच्यामागे मोठा. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहावरून पाण्याचं तापमान आणि हिरवेपणा पाहून मासळी कुठे मिळण्याची शक्यता आहे ते मच्छीमारांना कळवते. तापमान आणि रंग जिथे एकदम बदलतात त्या रेषा ती शोधते, आणि अशा रेषा बऱ्याचदा या चक्रांच्या कडेलाच असतात. बाजारात सुरमईचा भाव ऐकून आपण डोळे विस्फारतो, त्यात या चक्रांचाही वाटा असतो.

दुसरं, वादळं. चक्रीवादळ समुद्राच्या उष्णतेवर जगतं, पण वादळ स्वतःच पाणी ढवळून खालचं थंड पाणी वर आणतं आणि आपलाच चुलीतला जाळ विझवतं. टेंगळासारख्या चक्रात कोमट थर इतका जाड असतो, की ढवळूनही वर कोमटच येतं. २००५ मध्ये मेक्सिकोच्या आखातात कतरिना अशाच उष्ण पाण्यावरून गेलं आणि भडकलं. म्हणून आता वादळाचा अंदाज करताना पृष्ठभागाचं तापमान पाहून भागत नाही, खाली किती खोलवर ऊब आहे तेही पाहतात. मे २०२१ मध्ये तौक्ते मुंबईजवळून गेलं तेव्हा अरबी समुद्राकडे पाहण्याची आपली नजर बदलली. त्याआधी वादळ म्हटलं की आपण निवांतपणे ओडिशाकडे बोट दाखवत असू.

एवढं कळतं, तर आधी सांगता का येत नाही?

काही गोष्टी फार आधी सांगता येतात. भरतीचं वेळापत्रक वर्षभर आधी छापलेलं असतं. आपल्या किनाऱ्यावर तर तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते. अष्टमीला सहा, आणि त्या दिवशी भांगाचं पाणी, म्हणजे भरती लहान. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या आसपास, तीही उधाणाची. खाडीच्या आत ठाण्याला थोडी उशिरा. चंद्राचा हिशेब चोख आहे.

पण त्या भरतीच्या पाण्यातली पुढची गिरकी नेमकी कधी, कुठे सुटेल, ते कुणी सांगत नाही. खळबळीत आजचा केसाएवढा फरक उद्याचं चित्र बदलून टाकतो. पाणी कसं वाहतं याची समीकरणं एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहेत, पण त्यांचं उत्तर नेहमी नीट, न फाटणारं निघतंच का, हे सिद्ध करणाऱ्याला क्ले गणित संस्थेने २००० साली दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं. ते अजून कुणी नेलेलं नाही. मोठ्या चक्रांचं त्यातल्या त्यात बरं, ती सावकाश चालतात, म्हणून उपग्रह आणि संगणक मिळून काही दिवसांपुरता त्यांचा माग काढतात. लहान गिरकी मात्र मोठ्या गणितालाही हुलकावणी देते.

त्या संध्याकाळी पुलावर मी जरा जास्तच वेळ थांबलो. ओहोटी संपत आली तशा गिरक्या सुटण्यातलं अंतर वाढलं, वीस सेकंद, तीस, मग सुटेनाशाच झाल्या. पाणी काही मिनिटं नुसतं उभं राहिलं. दोन्ही फुलं खांबापासून हातभर अंतरावर स्थिर होती. मग ती हळूच सरकू लागली, ठाण्याच्या दिशेने, आणि खांबाच्या दुसऱ्या अंगाला, जिथे मघापर्यंत पाणी येऊन आदळत होतं, तिथे पहिली गिरकी सुटली. पिशवी निघाली होती जिथून कुणीतरी ती टाकली त्याच बाजूला परत.